कॉफी मशीनच्या पोटातले आवाज

कुकरच्या शिट्टीला कुणी घाबरत नाही. वास्तविक कुकरच्या आत वातावरणाच्या दाबावर आणखी साधारण एक बार दाब चढलेला असतो आणि आतली वाफ 120 अंश सेल्सिअसच्या घरात पोचलेली असते. घरगुती एस्प्रेसो मशीनमधला वाफेचा बॉयलरही एक ते सव्वा बारवर आणि 120 ते 124 अंशांवरच काम करतो. तरी ओट्यावरच्या त्या चकचकीत खोक्यातून जरा 'सूंऽऽ' ऐकू आलं की नव्या मालकाचा जीव खालीवर होतो. विकत घेताना मोजलेले पैसे आठवतात ते वेगळंच.

या भीतीला कारण आहे. कुकरला एकच आवाज करता येतो. एस्प्रेसो मशीनच्या पोटात मात्र बॉयलर आणि त्यातली पाणी तापवणारी कॉइल, पंप, दोन-चार व्हॉल्व्ह, दाबावर चालणारा स्विच आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या अशी मोठी गर्दी असते. प्रत्येकाचा सूर निराळा. तक्रार मात्र एकाच वाक्यात येते: बॉयलर आवाज करतोय. पुष्कळदा तो आवाज बॉयलरचा नसतोच.

शिवाय आवाजाचं वर्णन करणं महाकठीण. एकाला जी घरघर वाटते, तिला दुसरा गुरगुर म्हणतो. म्हणून जाणता मेकॅनिक वर्णनाच्या नादी फारसा लागत नाही. तो आधी विचारतो, ''आवाज येतो कधी?'' थंड मशीन चालू केल्यावर, तापून नुसतं उभं असताना, शॉट, म्हणजे एका कपाची कॉफी, काढताना, की बंद केल्यानंतर? एवढ्या एका उत्तरात अर्धं निदान होऊन जातं.

मशीन कुठल्या जातीचं आहे तेही ठाऊक हवं. गॅजिया क्लासिक किंवा रॅन्सिलिओ सिल्व्हिया यांसारख्या यंत्रांत एकच छोटा बॉयलर असतो. कॉफीसाठी तो नव्वदीच्या घरात ठेवायचा आणि दुधासाठी वाफ हवी असेल तेव्हा आणखी तापवायचा. त्याहून मोठ्या यंत्रांत वाफेचा बॉयलर कायम तापलेला असतो आणि कॉफीचं पाणी त्याच्या पोटातून जाणाऱ्या वेगळ्या नळीत गरम होतं. याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. ही कल्पना लोकप्रिय केली ती इटलीतल्या फाएमा कंपनीच्या ई-61 या मशीनने. ते 1961 साली आलं आणि त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणावरून, म्हणजे एक्लिप्सवरून, त्याच्या नावात 'ई' आला. तिसरी जात दोन स्वतंत्र बॉयलरची. आणि बॉयलरच नसलेली, धातूच्या ठोकळ्यातून पाणी फिरवून तापवणारी थर्मोब्लॉकची स्वस्त यंत्रंही बाजारात भरपूर आहेत. सिल्व्हियामध्ये जो आवाज येणं शक्यच नाही तो हीट एक्स्चेंजरच्या यंत्रात रोज सकाळी येतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनवरून आपल्या मशीनची परीक्षा करू नये.

आता मशीन चालू करू. पहिली एक-दोन मिनिटं शांतता. मग हळूहळू पाणी सणसणायला लागतं, तो आवाज वाढत वाढत घरघरीपर्यंत जातो आणि मग, ऐन तापण्याच्या वेळी, कमी होतो. आधणाचं पातेलं गॅसवर ठेवून शेजारी उभं राहिलं तर हाच क्रम ऐकू येतो. पाणी सगळ्यात जास्त आवाज उकळण्याच्या आधी करतं. एकदा खळखळून उकळी फुटली की आवाज मऊ होतो.

कारण असं की कॉइलला चिकटलेला पाण्याचा पातळ थर बाकीच्या पाण्याच्या कितीतरी आधी उकळतो. तिथे वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. कॉइलपासून सुटून ते जरा वर गेले की भोवती थंड पाणी भेटतं. वाफेचं क्षणार्धात पुन्हा पाणी होतं. उकळत्या पाण्याची वाफ होताना आकारमान 1600 पटींहून जास्त वाढतं, तर उलट्या दिशेने तेवढंच आक्रसतं. बुडबुड्याची जागा एकाएकी रिकामी पडते आणि चहूबाजूंचं पाणी तिथे आदळतं. एका बुडबुड्याचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही, पण सेकंदाला असे हजारो आपटले की त्याची घरघर होते. पुढे सगळंच पाणी पुरेसं तापलं की बुडबुड्यांना वाटेत थंड पाणी भेटत नाही, ते न फुटता पृष्ठभागापर्यंत जातात आणि आवाज उतरतो.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिने मोठमोठ्यांना विचारात पाडलं आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचा बुडबुडा कोसळताना निर्माण होणाऱ्या दाबावरचा 1917 सालचा शोधनिबंध आजही संदर्भासाठी काढला जातो. त्याची सुरुवात किटलीतल्या पाण्याच्या आवाजापासून होते. अभियंते ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी केलेलं त्या आवाजाचं वर्णन वाचताना रॅले यांना हा विषय सुचला. त्यांनी मांडलेलं गणित पुढे जहाजांच्या पंख्यांची धातूची पाती बुडबुड्यांमुळे कशी खरवडली जातात हे समजून घ्यायला उपयोगी पडलं. तेव्हा तापताना तुमचं मशीन जी घरघर करतं ती अगदी कुलीन आहे. नव्या मशीनमध्येही ती असणार. तापून झाल्यावर, कॉइल अधूनमधून काही सेकंद चालू होते तेव्हा, पुसटशी चरचर ऐकू येते, तीही याच कुळातली.

याच वेळात आणखी एक आवाज लोकांना हमखास घाबरवतो. हीट एक्स्चेंजर किंवा दोन बॉयलरच्या यंत्रात, चालू केल्यावर काही मिनिटांनी, वरच्या बाजूने 'फुसफुस' सुरू होते, एखाद-दुसरा थेंब उडतो, थोडी वाफ दिसते, आणि मग 'टक्' होऊन सगळं थांबतं. हा अँटी-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरलेला नसतो, वरचा भाग हवेचा असतो. पाणी तापू लागलं की ती हवा बाहेर घालवायची, आणि वाफेचा जोर आला की दार लावून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. हवा आत कोंडली तर दाबाचा काटा एक बार दाखवतो, मशीनला वाटतं आपण तयार, आणि प्रत्यक्षात पाणी पुरेसं तापलेलंच नसतं. दूध फेसाळायची वाफेची नळी, म्हणजे वँड, उघडली की दोन सेकंद फुस्स होऊन सगळा जोर संपतो. 'काटा बरोबर आहे पण वाफ नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा ही कोंडलेली हवाच असते. वँड उघडून खरी वाफ येईपर्यंत हवा जाऊ दिली की काम भागतं.

मशीन बंद केल्यावर हाच व्हॉल्व्ह उलटं काम करतो. वाफ थंड होऊन आक्रसते, आत निर्वात व्हायला लागतं, तेव्हा तो उघडून बाहेरची हवा आत घेतो. रात्री स्वयंपाकघरातून आलेला एकुलता एक 'फुस्स' हा तो. तो अडकला तर निर्वात भरून काढायला हवा वँडच्या टोकातून ओढली जाते, आणि वँड दुधात बुडालेली राहिली असेल तर दूध बॉयलरमध्ये जातं. त्याचा वास आठवडाभर पुरतो.

व्हॉल्व्हची फुसफुस थांबतच नसेल तर मात्र दुरुस्तीची वेळ आलेली आहे. आतली रबराची ओ-रिंग कडक झालेली असते किंवा तिच्या बैठकीवर क्षार बसलेले असतात. वाफ सतत गळत राहते, कॉइल ती तूट भरून काढायला सारखी चालू होते, आणि उडणारे थेंब आतल्या वायरिंगवर पडतात. सुटा व्हॉल्व्ह फार महाग नसतो. तो साफ करत बसण्यापेक्षा बदलून टाकावा असं माझं मत आहे.

सिल्व्हिया किंवा गॅजिया क्लासिकमध्ये हा व्हॉल्व्ह नसतो, कारण त्यांचा बॉयलर पाण्याने पूर्ण भरलेला असतो. तिथे वेगळी गंमत होते. खोलीच्या तापमानाचं पाणी शंभर अंशांच्या जवळ नेलं की ते साधारण चार टक्क्यांनी फुगतं. सिल्व्हियाचा बॉयलर सुमारे 300 मिलिलीटरचा, म्हणजे दहा-बारा मिलिलीटर पाण्याला बाहेर जाणं भाग पडतं. ते कॉफी जिथून पडते त्या तोंडातून थेंबथेंब गळतं किंवा जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून हलकं चरचरत परततं. 'मशीन बंद असताना गळत नाही, तापतानाच गळतं' असं कुणी सांगितलं तर ते बहुधा एवढंच असतं. तापल्यावरही थेंब थांबत नसतील तर गोष्ट वेगळी.

एकच बॉयलर असलेल्या यंत्रांना खरी भीती कोरडं पडण्याची. दुधासाठी वाफ वापरली की बॉयलरमधलं पाणी कमी होतं. लागोपाठ तीन-चार जणांचं दूध फेसाळलं आणि मध्ये पाणी भरून घेतलं नाही, तर कॉइलचा वरचा भाग उघडा पडतो. पाण्याबाहेरची कॉइल स्वतःची उष्णता कुणाला देऊ शकत नाही, ती लालबुंद होत जाते, आणि तिच्यावर उडालेला प्रत्येक थेंब तडतडतो. अशी तडतड ऐकू आली की लगेच बंद करावं. जरा निवल्यावर पंप चालवून, कॉफीच्या तोंडातून पाण्याची अखंड धार येईपर्यंत बॉयलर भरून घ्यावा. वाफ वापरून झाल्यावर प्रत्येक वेळी हे करण्याची सवय लावली तर कॉइल वर्षानुवर्षं टिकते. कॉइलचं आवरण एकदा तडकलं की पुढची खूण आवाजाची नसते: मशीन चालू करताच विजेची गळती होताच वीज तोडणारा घरातला ईएलसीबी पडतो. तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नये.

आता पाण्याकडे वळू, कारण बॉयलरचे खरे विकार तिथूनच येतात.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरातला गीझर दोन वर्षांनी उघडला की कॉइलवर पांढरा, खडबडीत थर दिसतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट मागे उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार उलटा: पाणी जितकं गरम तितका तो जास्त खाली बसतो. म्हणून तो नेमका सगळ्यात गरम जागी, कॉइलवर, जमतो. तांब्याच्या तुलनेत हा थर शंभरपटींहून कमी उष्णता वाहतो. आत कॉइल भाजत राहते, बाहेर पाणी थंड. थराच्या भेगांत आणि छिद्रांत अडकलेलं थोडं पाणी मात्र भलतंच तापतं आणि एकदम फुटल्यासारखं वाफ होऊन बाहेर पडतं. त्याचा आवाज पहिल्या घरघरीपेक्षा वेगळा असतो: जाड, अनियमित, मध्येच ठोका दिल्यासारखा. बॉयलरच्या आत कुणी बारीक खडे हलवतंय असं वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो मशीन पूर्ण तापल्यावरही थांबत नाही. दर वेळी कॉइल चालू झाली की तो परत येतो, आणि महिन्यागणिक वाढतो. सोबत तापायला लागणारा वेळही वाढत असेल तर क्षार बसलेत यात शंका नको.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, आयएस 10500 नुसार, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची शिफारस 50 ते 175 ची. म्हणजे सरकारी निकषाने उत्तम ठरलेलं पाणीही कॉफी मशीनला जड जाऊ शकतं. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी सहसा मऊ असतं, म्हणून मुंबईतल्या मशीनमालकांना या बाबतीत फारशी चिंता नसते. दख्खनच्या काळ्या दगडातून उपसलेल्या बोअरच्या पाण्याचं तसं नाही. पुण्यात तर एकाच सोसायटीत सकाळी महापालिकेचं आणि दुपारी टँकरचं पाणी येतं, आणि मशीनला ते कुणी सांगत नाही.

''मग आरओचं पाणी घालतो,'' असं यावर लगेच उत्तर येतं. इथे जपायला हवं. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की त्यातून वीज नीट वाहत नाही. वाफेचा बॉयलर भरला की नाही हे मोठी यंत्रं ओळखतात ती आत सोडलेल्या एका धातूच्या कांडीवरून. पाणी तिला टेकलं की त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि पंप थांबतो. पाणीच वीज वाहत नसेल तर मशीनला बॉयलर रिकामा वाटतो, पंप घरघरत राहतो, बॉयलर काठोकाठ भरतो आणि वँडमधून वाफेऐवजी पाणी ओतायला लागतं. 'पंप थांबतच नाही' या तक्रारीत कांडीवर क्षार बसलेत का, हे जसं बघायचं तसं टाकीत कुठलं पाणी आहे हेही विचारायचं. शिवाय अतिशुद्ध पाणी धातूलाही हळूहळू खातं, आणि कॉफीला चव देत नाही. आरओ आणि नळाचं गाळलेलं पाणी मिसळून वापरणं हा सोपा मार्ग. शुद्ध पाण्याच्या लिटरमध्ये साधारण 100 मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट मिसळण्याची पद्धतही हौशी लोकांत आहे: कॅल्शियम नसल्याने थर बसत नाही आणि वीज मात्र वाहते.

क्षार काढायला सायट्रिक अॅसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व, लिटरला 20 ते 30 ग्रॅम या प्रमाणात पुरतं. ते भरून वीस-तीस मिनिटं ठेवायचं आणि मग चव निवळेपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. जास्त घातलं म्हणजे लवकर निघेल असं नाही. तीव्र आणि कढत द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा साका बसून नवीच अडचण होते. गॅजिया क्लासिकच्या अनेक आवृत्त्यांचा बॉयलर अॅल्युमिनियमचा आहे, त्याला आम्ल फार वेळ सोसत नाही, तेव्हा तिथे कंपनीने सुचवलेलंच औषध वापरावं. व्हिनेगरचा वास गॅस्केटमध्ये बसतो. संडास धुण्याचं अॅसिड वापरणाऱ्याने मशीन भंगारात काढायचं ठरवलेलंच असावं. वर्षानुवर्षं साचलेला जाड थर मात्र घरी काढू नये, कारण त्याच्या खपल्या सुटून पुढच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. ही छिद्रं एक मिलिमीटरहूनही लहान असतात. अशा वेळी बॉयलर खोलून साफ करणाऱ्याकडेच द्यावा.

आता पंप. छोट्या मशीनमध्ये बहुधा कंपन पंप असतो. उल्का हे त्यातलं इटालियन नाव सगळ्यात प्रसिद्ध. विजेच्या गुंडाळीत एक छोटा दट्ट्या पुढेमागे धावतो. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि पंपात बसवलेला डायोड प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग वापरतो, म्हणून दट्ट्या सेकंदाला 50 फेऱ्या मारतो. कॉफीची पूड भरायचा दांडा, म्हणजे पोर्टाफिल्टर, न लावता पंप चालवला तर आवाज खडखडीत येतो. कॉफी भरून चालवला की दाब चढेल तसा तो दबका, भरदार होत जातो. तसा झाला नाही तर सवयीच्या कानाला न बघताही कळतं की दळण जाड पडलंय. टाकी रिकामी असेल किंवा नळीत हवा शिरली असेल तर आवाज एकदम मोठा आणि पोकळ होतो. वँड उघडून पंप काही सेकंद चालवला की हवा निघून जाते. पंपावर सहसा दोन मिनिटं चालू आणि एक मिनिट बंद अशी मर्यादा लिहिलेली असते. हवा काढण्याच्या नादात ती विसरू नये.

पंप रबराच्या आधारावर बसवलेला असतो. ते रबर कडक झालं किंवा एखादी नळी पत्र्याला टेकली की मशीनचं सगळं कवच थरथरतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं बॉयलर फुटायला आलाय. पंप चालू असताना पत्र्यावर बाहेरून हाताचा तळवा दाबून बघावा. आवाज बदलला तर दोष पत्र्याचा आहे, आणि इलाज फोमच्या तुकड्याचा.

अमेरिकेहून सामानात मशीन आणणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना इथेच. तिकडची यंत्रं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. इथे ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्ट उतरतात, हर्ट्झ 50 च राहतात. कॉइलला त्याचं काही वाटत नाही. पंपाचा दट्ट्या मात्र 60 फेऱ्यांच्या हिशोबाने जुळवलेला असतो. तो इथे वेगळ्याच सुरात भुणभुणतो आणि गुंडाळी जास्त तापते. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा पंप बसवायचा तर त्याची वायरिंगही वेगळी करावी लागते.

मोबाइलवर ध्वनीचा आलेख दाखवणारं फुकट अॅप मिळतं, आवाज कुणाचा ते ओळखायला त्याचा खरा उपयोग होतो. 50 हर्ट्झजवळ ठळक उंचवटा दिसला तर पंपाचा संशय घ्यावा. 100 जवळची भुणभुण विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची, कारण त्याचं चुंबक प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढतं. आत कचरा अडकून त्याचा दट्ट्या पुरता बसला नाही की ही भुणभुण सुरू होते. क्षारांच्या घरघरीला मात्र एकच उंचवटा नसतो, ती आलेखभर पसरते. शॉट संपताच येणारा 'खट्-फुस्स' हाही सोलेनॉइड व्हॉल्व्हचाच, पण तो निरोगीपणाचा: कॉफीच्या चकतीवरचा उरलेला दाब सोडला जातोय.

मशीन तापून नुसतं उभं असताना थोड्या थोड्या वेळाने येणारा 'टक्' प्रेशर स्विचचा. बॉयलरचा दाब उतरला की तो कॉइल चालू करतो, चढला की बंद. वाफ न वापरता हा टक् दर काही सेकंदांनी यायला लागला तर कुठेतरी वाफ गळतेय किंवा स्विचचे संपर्कबिंदू जळालेत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या यंत्रात हा आवाज बहुधा नसतो.

हीट एक्स्चेंजरवाल्यांना आणखी एक फुत्कार रोज ऐकावा लागतो. मशीन बराच वेळ उभं राहिलं की आतल्या नळीतलं कॉफीचं पाणी शंभराच्या वर जातं. तोंड उघडताच दाब सुटतो आणि ते उसळून, वाफ सोडत, नाचत बाहेर येतं. फुत्कार थांबून धार शांत होईपर्यंत पाणी सोडून द्यायचं आणि मग पोर्टाफिल्टर लावायचा. महाबळेश्वरला मशीन घेऊन गेलात तर हा फुत्कार अधिक वेळ चालेल, कारण तिथे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं.

आता ज्या आवाजाला खरोखर घाबरायचं तो. वाफेच्या बॉयलरवर सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, तो बहुतेक यंत्रांत दोन बारच्या थोडा अलीकडे उघडतो. उघडला की ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही: मोठा, सलग, कानठळ्या बसवणारा झोत. याचा अर्थ प्रेशर स्विच किंवा कॉइलला वीज देणारा रिले चिकटून बसला आहे आणि कॉइल थांबायला तयार नाही. भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि मशीन दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. हा व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याचं तोंड बंद करणारे महाभाग असतात. भारतातल्या बॉयलर कायद्यातून 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर वगळलेले आहेत, त्यामुळे तुमच्या ओट्यावरचा बॉयलर तपासायला कुणी निरीक्षक येणार नाही. तो एक व्हॉल्व्हच निरीक्षक आहे.

ज्यांचं मशीन आज नीट चालतंय त्यांनी एक करावं: चालू केल्यापासून पहिला शॉट निघेपर्यंतचा सगळा आवाज मोबाइलवर टिपून ठेवावा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला तो हाताशी असेल, आणि मेकॅनिकला फोनवर घरघर की गुरगुर हे तोंडाने काढून दाखवावं लागणार नाही. आणि झाकण स्वतः उघडणार असाल तर प्लग काढला म्हणजे झालं असं समजू नका. वीज गेली तरी बॉयलरमधली वाफ बराच वेळ दाबाखाली असते. वँड उघडा, काटा शून्यावर येऊ द्या, मशीन पूर्ण थंड होऊ द्या, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.